सोसणें आणि काढून टाकणें

गतवर्षीं भाद्रपदांत ज्येष्ठागौरींच्या आवाहनाच्या दिवशीं आम्ही पुण्यास आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं गेलों होतों. उंबरठ्यापासून देवघरापर्यंत गौरींचीं पावलें रेखलेलीं होतीं. दुसऱ्या दिवशींच्या नैवेद्यासाठीं सोळा भाज्या निवडणें चाललें होतें. त्या घरच्या वडील सूनबाई, ज्यांना आम्ही वहिनी म्हणतों, हळदकुंकवाचें तबक घेऊन बाहेर येत होत्या. त्या एकाएकीं थबकल्या आणि भिंतीचा आधार घेऊन हळूच खालीं बसल्या. तबक मात्र त्यांनीं हातांतून सुटूं दिलें नाहीं. चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. सगळीं माणसें धांवलीं. वहिनी म्हणाल्या, “कांहीं नाहीं, सकाळपासून पोटांत कांहीं नव्हतें म्हणून चक्कर आली.” सर्वांना तें पटण्याजोगें वाटलें. गौरी बसवायच्या होत्या. चहा झाला आणि वहिनी पुन्हां कामाला लागल्या.

खरी हकीकत दोन महिन्यांनीं कळली. वहिनींनीं ती आमच्या सौभाग्यवतींना सांगितली, आणि ‘नांव न घालतां अवश्य लिहा’ असें म्हणून येथें लिहिण्यास संमतीही दिली. त्यांचें वय ४७ वर्षांचें. सात-आठ महिन्यांपासून पाळी पंधरा-वीस दिवसांनीं येऊं लागली होती आणि आठ-आठ, दहा-दहा दिवस अंगावरून फार जात होतें. घरच्या नेहमींच्या डॉक्टरांना त्यांनीं एकदां चाचरत सांगितलें, तेव्हां उत्तर मिळालें, “या वयांत असें व्हायचेंच. आतां जायचीच वेळ आली आहे, थोडें सोसा.” त्यांनीं सोसलें. पुढें गौरींच्या दिवसांतच पाळी येणार असें दिसतांच त्यांनीं मुलाच्या हातीं चिठ्ठी देऊन औषधाच्या दुकानांतून पाळी पुढें ढकलण्याच्या गोळ्या आणविल्या. सण पार पडला, गोळ्या थांबल्या, आणि तिसऱ्या दिवशीं असा रक्तस्राव सुरू झाला कीं, त्यांना रात्रीं रुग्णालयांत न्यावें लागलें. रक्तांतील हिमोग्लोबिन ६·४ भरलें. तेथील शल्यचिकित्सकांनीं सोनोग्राफीचा कागद पाहिला, ‘मुलें किती?’ एवढा एकच प्रश्न केला आणि म्हणाले, “दोन झालीं ना? मग आतां पिशवी ठेवून करायचें काय? काढून टाकूं, कायमची कटकट मिटेल.” शस्त्रक्रियेची तारीखही ठरली.

वहिनींचें त्यावरचें एक वाक्य आमच्या मनांतून जात नाहीं. त्या म्हणाल्या, “तुम्हांला नक्की काय होतें, हें ‘सोसा’ म्हणणाऱ्यांनीं विचारलें नाहीं, आणि ‘काढून टाका’ म्हणणाऱ्यांनींही विचारलें नाहीं.”

आजचा हा लेख या एका वाक्यावर आहे. वहिनींचें घर सुशिक्षित आहे. घरांत दोन पदवीधर स्त्रिया आहेत, दवाखाना हांकेच्या अंतरावर आहे, आणि पैशाची अडचण नाहीं. तरीही एका आजारी स्त्रीपुढें दोनच मार्ग ठेवले गेले, एक सोसण्याचा आणि दुसरा शस्त्राचा. या दोहोंच्या मध्यें वैद्यकशास्त्राचा केवढा तरी प्रदेश पसरलेला आहे, आणि तेथवर पोंचण्यासाठीं कोणी तरी विचारावें व कोणी तरी न लाजतां सांगावें, एवढीच पहिली गरज असते.

मराठींत ‘दुखणें अंगावर काढणें’ असा वाक्प्रचार आहे. पुरुषानें दुखणें अंगावर काढलें तर आपण त्याला रागें भरतों. बाईनें काढलें तर ‘किती सोशीक!’ म्हणून तिची वाखाणणी करतों. पाळीविषयीं आपल्या घरांत जे शब्द चालत आले ते पाहावे. ‘बाहेरची होणें’, ‘कावळा शिवणें’, ‘दूर बसणें’, ‘अडचण येणें’. यांतील एकही शब्द शरीराविषयीं कांहीं सांगत नाहीं. कोणीं कोठें बसावें आणि कोणीं कोणाला शिवूं नये, एवढेंच त्यांतून कळतें. या शब्दांनीं स्वयंपाकघराला सूचना मिळत असे. वैद्याला मात्र त्यांतून कांहींच उमजण्यासारखें नव्हतें. आतां बहुतेक सुशिक्षित घरांतून तीन दिवसांचें तें बाजूला बसणें गेलें, आणि तें गेलें हें फार चांगलें झालें. परंतु त्याच्याबरोबरची चोरी अजून गेलेली नाहीं. औषधाच्या दुकानांत घड्यांचें पुडकें आजही वर्तमानपत्राच्या कागदांत किंवा काळ्या पिशवींत गुंडाळून मिळतें. जी वस्तु उघड्यावर विकत घेतां येत नाहीं, तिच्याविषयीं परक्या माणसासमोर मोकळेपणानें बोलावें, अशी अपेक्षा आपण एका चाचरणाऱ्या बाईकडून करतों.

हा प्रश्न आजचा नव्हे. आनंदीबाई जोशी यांनीं १८८३ सालीं, अमेरिकेस निघण्यापूर्वीं, बंगालमधील श्रीरामपूर येथें भाषण करून आपण वैद्यक शिकावयास परदेशीं कां जात आहों, तें लोकांपुढें मांडलें होतें. हिंदुस्थानांत स्त्री-डॉक्टरांची फार मोठी गरज आहे. आपले विकार परपुरुषास सांगण्यापेक्षां येथील स्त्रिया ते मनांत ठेवतात, हें त्यांच्या म्हणण्यांतील मुख्य सूत्र होतें. १८८६ सालीं त्या फिलाडेल्फिया येथून पदवी घेऊन बाहेर पडल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाला बावीस वर्षेंही पुरीं झालीं नसतां, पुण्यास निवर्तल्या. ज्या वर्षीं त्यांना पदवी मिळाली, त्याच वर्षीं मुंबईस स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं कामा रुग्णालय सुरू झालें. पुढें डॉ. रखमाबाई विलायतेंतून शिकून आल्या व सुरतेस आणि राजकोटास त्यांनीं आयुष्याचीं कितीएक वर्षें स्त्रियांच्या सेवेंत घालविलीं. १९२७ सालीं प्रा. र. धों. कर्वे यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें, आणि जें कोणी बोलत नसे तें छापून दाखविल्याबद्दल खटलेही सोसले. या सर्वांची खटपट एकाच गोष्टीसाठीं होती असें म्हणतां येईल. शरीराच्या गोष्टीला शब्द मिळावा, आणि तो ऐकून घेणारा कोणी तरी मिळावा.

आनंदीबाईंच्या त्या भाषणास आतां एकशें चाळीस वर्षें उलटून गेलीं. स्त्री-डॉक्टर आज गल्लोगल्लीं आहेत. तेव्हां ‘सांगायचें कोणाला?’ ही अडचण पुष्कळ अंशीं दूर झाली आहे. ‘सांगायचें काय?’ ही मात्र उरली आहे. म्हणून तेवढें आपण नीट समजून घेऊं.

निरोगी स्त्रीची पाळी साधारणतः २१ ते ३५ दिवसांच्या अंतरानें येते आणि आठ दिवसांच्या आंत थांबते. एका पाळींत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे, एवढें रक्त जातें. ८० मिलिलिटरच्या वर गेल्यास तें फाजील, असा वैद्यकांतील जुना दंडक आहे. पण घरीं कोणी माप घेऊन बसत नाहीं, म्हणून आजचे तज्ज्ञ दुसऱ्या खुणा सांगतात. तासा-दोन तासांनीं घडी बदलावी लागणें, रात्रीं त्यासाठीं उठावें लागणें, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गांठी पडणें, पाळीच्या दिवसांत बाहेर जाण्याची भीति वाटणें, जिना चढतांना धाप लागणें. यांपैकीं एखादी खूण महिन्यामागून महिना दिसत असेल, तर तें ‘बायकांचें नेहमींचेंच’ नव्हे. तो विकार आहे आणि त्याला कारण आहे.

कारणेंही अगणित किंवा गूढ नाहींत. जगांतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०११ सालीं त्यांची नऊ गटांत मांडणी केली. गर्भाशयाच्या आंतील मांसांकुर, अस्तराच्या पेशी स्नायूंत शिरणें, स्नायूंच्या गांठी, ज्यांना दवाखान्यांत फायब्रॉइड म्हणतात, कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था, रक्त गोठण्यांतील दोष, बीज वेळेवर न सुटणें, ज्याच्या मुळाशीं पुष्कळदां थायरॉइड ग्रंथीचा बिघाड असतो, अस्तरांतील विकार, घेतलेल्या औषधांचा परिणाम, आणि या कशांतही न बसणारीं कारणें. पाळी जाण्याच्या आधींच्या वर्षांत बीज अनियमितपणें सुटूं लागतें, त्यामुळें रक्त कमीजास्त जाणें हें खरेंच आहे. परंतु ‘वय झालें’ हें निदान नव्हे. निदान करावयाचें तर रक्त तपासावें लागतें, सोनोग्राफी करावी लागते, आणि चाळिशीच्या पुढच्या स्त्रीच्या बाबतींत अस्तराचा लहानसा तुकडाही बहुधा तपासून घ्यावा लागतो. आणि या सर्वांच्या आधीं तिला चार प्रश्न विचारावे लागतात.

कारण सांपडलें म्हणजे उपायही बहुधा सांपडतो. रक्तस्राव कमी करणारें ट्रानेक्सामिक आम्ल हें औषध जपानांतील ऊताको ओकामोतो या विदुषीनें आपल्या पतीसह शोधून १९६२ सालीं जगापुढें ठेवलें. आज त्याच्या गोळ्या कोणत्याही गांवांत मिळतात व त्या पाळीच्या तीन-चार दिवसांतच घ्यावयाच्या असतात. गर्भाशयांत बसविण्याचें, थोडथोडें संप्रेरक सोडणारें एक लहानसें साधन १९९० सालीं प्रथम फिनलंडांत बाजारांत आलें. तें एकदां बसविलें कीं, पुष्कळ स्त्रियांचा फाजील स्राव वर्षानुवर्षें आटोक्यांत राहतो. आंतील गांठ किंवा मांसांकुर पोटाला छेद न देतां दुर्बिणींतून काढतां येतो. थायरॉइडचा दोष असेल तर रोजची एक लहान गोळी पुरते. आणि कारण कोणतेंही असो, गेलेलें लोह भरून काढावेंच लागतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ रक्तक्षयी आढळल्या. दुपारीं ‘जरा पडतें’ म्हणणारी सासू आणि अभ्यासाला बसल्याबरोबर पेंगणारी मुलगी या दोघींना आपण आळशी म्हणतों. त्यांचें रक्त एकदां तपासून पाहावें, असें मात्र आपल्या मनांत येत नाहीं.

आमच्या या म्हणण्याचा कोणी विपर्यास करूं नये. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया वाईट नाहीं. कर्करोगांत ती प्राण वांचविते. मोठ्या गांठींनीं किंवा अंग बाहेर येण्यानें हैराण झालेल्या, किंवा इतर उपायांनीं गुण न आलेल्या कितीएक स्त्रियांना तिनें नवें आयुष्य दिलें आहे. आमचा आक्षेप ती शेवटची पायरी असतांना पहिली म्हणून दाखविली जाते, याला आहे. ‘पिशवी ठेवून करायचें काय?’ हा प्रश्न शास्त्राचा नव्हे. मुलें झाल्यावर बाईच्या त्या अवयवाचें काम संपलें, आणि म्हणून त्याची किंमतही संपली, असा त्यांत एक हिशेब दडलेला आहे. तो हिशेबही चुकीचाच. शस्त्रक्रियेच्या वेळीं अंडाशय काढले तर त्याच दिवशीं पाळी जाण्याची अवस्था एकदम अंगावर कोसळते, आणि ती अकालीं आली तर हाडें ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय ठेवले तरी त्यांचें काम कांहीं स्त्रियांत नेहमींपेक्षां लवकर मंदावतें. शस्त्रक्रियेला होकार देणाऱ्या किती स्त्रियांना हें आधीं सांगितलें जातें?

वर सांगितलेल्या पाहणींत १५ ते ४९ या वयांतील शेंकडा ३·३ स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. आंध्र प्रदेश व तेलंगण या दोन राज्यांत तें प्रमाण शेंकडा ८ च्या वर होतें. हे आंकडे पन्नाशीच्या आंतल्या स्त्रियांचे आहेत, हें लक्षांत ठेवावें. त्याआधींच्या, २०१५-१६ च्या पाहणींत असें दिसलें होतें कीं, या शस्त्रक्रियांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश खासगी रुग्णालयांत झाल्या, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांनीं कारण सांगितलें तें पाळींतील फाजील रक्तस्राव किंवा वेदना. म्हणजे ज्या तक्रारीवर गोळीपासून दुर्बिणीपर्यंत इतके उपाय आहेत, तीच तक्रार.

हा विषय आपल्या घरच्या चहाच्या कपापर्यंत कसा येऊन पोंचतो, तेंही सांगितलें पाहिजे. आपल्या चहांतील साखर ज्या उंसाची, तो ऊंस तोडावयास बीड जिल्ह्यांतून दर वर्षीं हजारों जोडपीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आधीं उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडाशेजारच्या खोपींत न्हाणीघर नाहीं, संडास नाहीं, पुरेसें पाणी नाहीं. अशा ठिकाणीं पाळी म्हणजे बुडालेला रोज. या स्त्रियांत गर्भाशय काढण्याचें प्रमाण फार आहे, असा बोभाटा झाल्यावर २०१९ सालीं राज्य सरकारनें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊंसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें होतें. दर सहा बायकांमागें एक. पोटांत दुखतें किंवा अंगावरून जातें म्हणून दवाखान्यांत गेलेल्या या बायकांपैकीं पुष्कळ जणींना ‘पिशवी खराब झाली, कर्करोग होईल’ अशी भीति घालण्यांत आली होती. शस्त्रक्रियेसाठीं कर्ज काढावयाचें आणि तें फेडण्यासाठीं पुन्हां फडावर जावयाचें, असें तें चक्र आहे.

बिहार, छत्तीसगड व राजस्थान येथील अशाच अनावश्यक शस्त्रक्रियांविषयीं डॉ. नरेंद्र गुप्ता यांनीं केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २०२३ च्या एप्रिलमध्यें निकाल दिला, आणि केंद्र सरकारनें आदल्या वर्षीं तयार केलेलीं मार्गदर्शक तत्त्वें सर्व राज्यांनीं तीन महिन्यांत अमलांत आणावीं असें फर्माविलें. निकाल चांगलाच आहे. परंतु न्यायालयाचा कागद तपासणीच्या खोलींत बाईच्या शेजारीं येऊन बसत नाहीं. सदाशिव पेठेंतील वहिनी आणि बीडची ऊंसतोड बाई यांच्या परिस्थितींत जमीनअस्मानाचें अंतर आहे. वहिनींना दुसऱ्या डॉक्टरकडे जातां आलें, तिला जातां येत नाहीं. पण खुर्चींत बसलेल्या माणसानें दोघींना ऐकविलेलें वाक्य मात्र एकच होतें.

आतां पाळी जाण्याविषयीं. बारा महिने पाळी आली नाहीं म्हणजे ती गेली असें धरतात. आपल्याकडे हें सरासरी ४६-४७ व्या वर्षीं घडतें, पाश्चात्य देशांत एक्कावन्नाच्या सुमारास. तिच्या आधींचीं व नंतरचीं चार-पांच वर्षें पुष्कळ स्त्रियांना जड जातात. एकाएकीं अंगांतून वाफा निघाल्यासारखें होतें, रात्रीं घामानें जाग येते, छातींत धडधडतें, सांधे दुखतात, लघवीला जळजळ होते, लक्ष लागत नाहीं, क्षुल्लक गोष्टीनें रडूं कोसळतें. बहुधा याच सुमारास घरांत नवी सून आलेली असते किंवा मुलगी सासरीं गेलेली असते, आणि घरचीं माणसें निष्कर्ष काढून मोकळीं होतात कीं, ‘सासूबाईंचा स्वभाव हल्लीं फार तापट झाला.’ स्वभावाला औषध नाहीं म्हणतात. या अवस्थेला मात्र आहे.

२००२ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणीमुळें संप्रेरकांच्या औषधांविषयीं जगभर धास्ती पसरली. पुढें तींच माहिती वयोगटांप्रमाणें पुन्हां तपासली असतां असें दिसलें कीं, साठीच्या आंतील, किंवा पाळी जाऊन दहा वर्षें न झालेल्या, व इतर धोके नसलेल्या स्त्रीला त्रास फार असेल तर या औषधांचा लाभ बहुधा धोक्याहून अधिक असतो. ज्यांना स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या आहेत, त्यांच्यासाठीं संप्रेरकांवांचूनचे दुसरे उपाय आहेत. कोणाला कोणता उपाय द्यावा, हें तिला विचारून आणि तपासूनच ठरतें. एक गोष्ट मात्र प्रत्येक घरांत ठाऊक असावी. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हां थोडेंसें जरी रक्त दिसलें, तरी तें त्याच आठवड्यांत डॉक्टरांना दाखवावें. पुष्कळदां कारण साधेंच निघतें. पण कर्करोग असेल तर तो या वेळीं बहुधा बरा होण्याजोगा असतो. ‘इतक्या वर्षांनीं पुन्हां बसले कीं काय!’ असें म्हणून लाजेपायीं तें लपविणाऱ्या आजीबाईंना ही गोष्ट कोणीं सांगितलेली नसते.

पाळी पुढें ढकलण्याच्या गोळ्यांविषयींही दोन शब्द लिहिणें भाग आहे, कारण चातुर्मासांत आपल्या घरांतून त्यांचा खप फार असतो. मंगळागौर, गौरी, नवरात्र, मुंज, लग्न, निमित्तें सरत नाहींत. एखाद्या वेळीं डॉक्टरांस विचारून त्या घेतल्या तर बहुतेक निरोगी स्त्रियांना अपाय होत नाहीं. पण पायाच्या शिरेंत पूर्वीं रक्ताची गुठळी झालेली स्त्री, यकृताचा विकार असलेली स्त्री, आणि रक्तस्रावाचें कारण न कळलेली स्त्री, यांनीं त्या परस्पर घेणें घातक ठरूं शकतें. शिवाय आम्हांला एक विचारावेंसें वाटतें. गौर ही माहेरवाशीण म्हणून आपण घरीं आणतों. चार दिवसांसाठीं माहेरीं आलेली लेक घरच्या वहिनीला आजारी पाडून आपलें कौतुक करून घेईल काय?

मग घरांत करावें तरी काय? फार थोडें. प्रत्येक स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका असते, आणि तिच्यावर दुधाचा खाडा व गॅसच्या टाकीची तारीख टिपलेली असते. त्याच चौकटींत घरच्या बाईनें आपल्या पाळीचा पहिला दिवस व शेवटचा दिवस एका ठिपक्यानें टिपावा. फार गेलें तर दोन ठिपके द्यावे. तीन महिन्यांचें हें टिपण डॉक्टरांपुढें ठेवलें तर चाचरण्याचें कारणच उरत नाहीं. वर्षांतून एकदां हिमोग्लोबिन पाहावें. शस्त्रक्रिया सुचविली गेली तर घाईचा प्रसंग नसल्यास चार प्रश्न विचारल्यावांचून तारीख घेऊं नये: माझ्या त्रासाचें कारण काय? न कापतां कोणते उपाय आहेत आणि ते करून पाहिले काय? अंडाशय ठेवणार कीं काढणार? कांहीं महिने थांबलें तर काय होईल? या प्रश्नांनीं चांगला डॉक्टर रागावत नाहीं; जो रागावेल, त्याच्याकडून उठून दुसऱ्याकडे जावें. आणि यजमानांना आमची विनंति अशी कीं, पत्नीबरोबर दवाखान्यांत जावें, पण उत्तरें तिला देऊं द्यावीं.

वहिनींची हकीकत पुरी करावयाची राहिली. त्यांच्या नागपूरच्या नणंदेनें हट्ट धरला आणि ठरलेली तारीख रद्द करवून त्यांना दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलें. त्या बाईंनीं प्रथम लेखणी खालीं ठेवली आणि म्हणाल्या, “आतां अगदीं सुरवातीपासून सांगा.” वहिनी म्हणतात, त्या चाळीस मिनिटांत आपण एवढें बोललों, तेवढें तीस वर्षांत कोणापाशीं बोललों नव्हतों. गर्भाशयाच्या पोकळींत सुपारीएवढी एक गांठ होती. अस्तराचा तुकडा तपासून घेतला. तो निर्दोष निघाला. बाईंनीं तीन मार्ग पुढें ठेवले, त्यांत गर्भाशय काढण्याचाही होता, आणि प्रत्येकाचे गुणदोष सांगून निवड वहिनींवर सोपविली. वहिनींनीं गांठ दुर्बिणींतून काढवून घेतली. संध्याकाळीं त्या घरीं आल्या. शिरेंतून लोह दिलें गेलें, आणि तीन महिन्यांनीं हिमोग्लोबिन १२ च्या जवळ आलें.

गेल्या महिन्यांत आम्ही पुन्हां त्या घरीं गेलों होतों. स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारीं निळ्या शाईचे ठिपके दिसले. जवळ जाऊन पाहतों तों कांहीं ठिपके तांबड्या शाईचेही होते. आम्हीं विचारलें नाहीं, पण वहिनींची चौदा वर्षांची मुलगी तेथेंच भाजी निवडीत बसली होती, तिनें मान वर करून आपण होऊनच सांगितलें, “तांबडे माझे आहेत.”